‘टूर द फ्रान्स’ : शर्यतीचे श्रमिक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात सायकलींच्या एका शर्यतीचा विषय निघावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. किमान वेतन, जमिनीचे वाटप, कारखान्यांची टाळेबंदी हे प्रश्न समोर उभे असताना फ्रान्समधील एका खेळाकडे वळण्याचे प्रयोजन काय, ही शंका स्वाभाविकच आहे. खेळाविषयी चळवळीत पूर्वापार दोन मते आढळतात. खेळ ही जनतेचे लक्ष मूळ प्रश्नांवरून उडवणारी अफूची गोळी आहे, असे एक मत. खेळ हे राजकारणाच्या चिखलापासून अलिप्त असलेले निर्मळ क्षेत्र आहे, असे दुसरे. दोन्ही मते बाळगणाऱ्यांच्या नजरेतून एक साधी गोष्ट निसटते. प्रेक्षकाला जो खेळ दिसतो, तो खेळणाऱ्या माणसाचे काम असते. त्या कामाला तास असतात, मोबदला असतो, मालक असतो, आणि म्हणूनच त्यात संपही असतो. ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

वृत्तपत्राचे अपत्य

ही शर्यत कोणा क्रीडाप्रेमी संस्थेने सुरू केलेली नाही. ती एका वृत्तपत्राने आपला खप वाढवण्यासाठी काढली. त्या वृत्तपत्राच्या जन्मामागे फ्रान्सला दुभंगून टाकणारे द्रेफ्युस प्रकरण होते. ज्यू लष्करी अधिकारी द्रेफ्युस याला १८९४ साली देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि अवघा देश दोन तटांत विभागला गेला. त्या काळी ‘ल व्हेलो’ हे खेळांचे प्रमुख दैनिक होते. त्याचे संपादक पिएर जिफार हे द्रेफ्युसच्या बाजूचे होते. मोटारींचे कारखानदार काउंट द दिओन विरुद्ध बाजूचे. विचारांच्या या भांडणात जाहिरातींच्या दरांचाही वाद मिसळला. द दिओन आणि काही अन्य उद्योगपती यांनी जिफार यांच्या पत्रातून अंग काढून घेतले आणि १९०० साली स्वतःचे प्रतिस्पर्धी दैनिक उभे केले. संपादक म्हणून आंरी देग्रांज याला नेमले. नावावरून झालेल्या खटल्यात हार पत्करावी लागली, तेव्हा १९०३ साली या दैनिकाचे नाव केवळ ‘लोतो’ एवढेच उरले.

खप वाढत नव्हता. मालक अस्वस्थ होते. अशा वेळी देग्रांजचा तरुण सहकारी झेओ लफेव्र याने अवघ्या फ्रान्सला वळसा घालणाऱ्या शर्यतीची कल्पना मांडली. १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळच्या माँझरों गावातून ६० सायकलस्वार निघाले. ६ टप्प्यांत २,४२८ किलोमीटर अंतर होते. पहिलाच टप्पा पॅरिस ते लियों असा ४६७ किलोमीटरांचा. रात्रीच्या अंधारात, खडी-धुळीच्या रस्त्यांवरून तो पार करायचा होता. अखेरपर्यंत पोहोचले ते २१ जण. विजेता मोरिस गारँ हा इटलीतील डोंगराळ भागातून फ्रान्समध्ये आलेला आणि बालपणी घरांची धुरांडी साफ करण्याचे काम केलेला माणूस.

प्रवेश फी परवडत नाही म्हणून आधी नावे फारशी आलीच नव्हती. तेव्हा फी निम्मी करून पहिल्या ५० जणांना रोज ५ फ्रँक भत्ता देऊ करावा लागला. हा तपशील बोलका आहे. शर्यतीत उतरणारे हौशी श्रीमंत नव्हते. रोजच्या भाकरीचा हिशेब ज्यांना करावा लागतो, असेच ते लोक होते. पुढच्याच वर्षी ‘ल व्हेलो’ बंद पडले. शर्यतीचे बक्षीस गारँला मिळाले, पण शर्यत जिंकली ती वृत्तपत्राच्या मालकांनी.

रस्त्यावरचे सक्तमजूर

देग्रांजची शिस्त कारखान्यातल्या मुकादमाला लाजवील अशी होती. सायकलस्वाराने कोणाचीही मदत घ्यायची नाही, जे सामान घेऊन निघाला तेच घेऊन पोहोचायचे, दुरुस्ती स्वतःची स्वतः करायची. ज्या शर्यतीत एकटाच माणूस अखेरपर्यंत पोहोचेल ती आदर्श शर्यत, असा विचार त्याच्या नावावर सांगितला जातो. १९१० साली पिरेनीज पर्वतातले उंच घाट शर्यतीत आले, तेव्हा घाट चढून आलेल्या ऑक्ताव्ह लापीझने आयोजकांना उद्देशून ‘खुनी’ असा शब्द वापरला. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली. तेव्हा हा शब्द पराभूताच्या रागातून आलेला नव्हता.

१९१३ साली युजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुरमाले घाटाच्या उतारावर मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत पायथ्याच्या गावी आला आणि तिथल्या लोहारशाळेत स्वतःच्या हाताने त्याने तो चिमटा जोडला. शर्यतीचे अधिकारी जवळ उभे राहून पाहत होते. तासन्‌तास वाया गेले. हातात हातोडा आणि तापलेले लोखंड असताना भाता हलवायला तिसरा हात कुठून आणायचा? तिथल्या एका मुलाने भाता हलवला. त्याबद्दल क्रिस्तोफला १० मिनिटांचा दंड झाला. तो पुढे ३ मिनिटांवर आणला गेला. ही कथा सामान्यतः जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द त्यात आहेच. पण नियम करणाऱ्याच्या मनात कामकऱ्याविषयी किती अविश्वास भरलेला असतो, याचीही ती कथा आहे.

या अविश्वासाला पहिले जाहीर उत्तर मिळाले ते १९२४ साली. आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि मोरिस व्हील हे तिघे शेरबूर ते ब्रेस्त या ४०५ किलोमीटरांच्या टप्प्यात कुतांस गावी थांबले आणि त्यांनी शर्यत सोडली. निमित्त एका बनियनचे होते. पहाटेच्या गारठ्यात अंगावर दोन बनियने चढवायची आणि ऊन चढले की एक काढून टाकायचे, एवढेच आंरी करीत होता. पण निघताना जे होते ते सारे पोहोचताना असलेच पाहिजे, हा नियम. अधिकाऱ्याने त्याचे कपडे चाचपून पाहिले. माणसाला तपासणीच्या दाराशी उभे करून झडती घ्यावी, तसाच हा प्रकार.

कुतांसच्या कॅफेत त्यांना आल्बेर लोंद्र हा पत्रकार भेटला. आदल्याच वर्षी त्याने गियानातील फ्रेंच कैद्यांच्या वसाहतीचे भीषण स्वरूप उजेडात आणले होते. पेलिसिए बंधूंनी त्याच्यासमोर आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, आणि वर गोळ्या. लोंद्रच्या त्या वार्तापत्रांना पुढे ‘रस्त्यावरचे सक्तमजूर’ हे नाव कायमचे चिकटले. आपण पत्रकाराला थोडे रंगवूनच सांगितले, असे फ्रान्सिसने नंतर म्हटल्याचे नमूद आहे. तरीही ४०५ किलोमीटरांचा टप्पा रंगवून सांगितलेला नव्हता, झडतीही नव्हती.

धनी आणि गडी

या शर्यतीची आणखी एक बाजू श्रमविभागणीची आहे. वारा कापत पुढे जाणाऱ्याला सर्वाधिक कष्ट पडतात आणि त्याच्या मागे चिकटून चालवणाऱ्याचे कष्ट पुष्कळ कमी होतात, हा साधा पदार्थविज्ञानाचा नियम. त्यातून संघात एक नायक आणि बाकीचे त्याचे सेवक अशी रचना जन्मली. सेवकांनी वारा अंगावर घ्यायचा, पाण्याच्या बाटल्या आणायच्या, प्रसंगी आपले चाक काढून द्यायचे. अशा सायकलस्वाराला फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’, म्हणजे घरगडी, म्हणतात. १९११ साली मोरिस ब्रोको याने जिंकण्याची आशा मावळल्यावर आपली सेवा दुसऱ्या सायकलस्वाराला देऊ केली, तेव्हा देग्रांजने तुच्छतेने हा शब्द वापरला. शिवी म्हणून आलेला शब्द पुढे हुद्दा झाला.

१९३४ साली रने व्हिएतो हा २० वर्षांचा पोर पिरेनीजच्या घाटांत आपल्या नायकाहून सरस ठरत होता. नायक आंतोनँ मान्यच्या सायकलीचे चाक निकामी झाले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून दिले आणि तो रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून रडला. त्याचे ते छायाचित्र फ्रान्सभर गाजले. दुसऱ्याच दिवशी मान्यला पुन्हा अडचण आली, तेव्हा पुढे गेलेला व्हिएतो उलटा फिरून घाट चढला आणि त्याने आपली सायकल दिली. मान्य जिंकला, व्हिएतो पाचवा आला. लोकांनी मात्र डोक्यावर घेतला तो व्हिएतोला. सामान्य माणसाला या खेळात स्वतःचे काय दिसले, याचे उत्तर या पसंतीत सापडते. विजेत्याने आपल्या बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटून टाकावी, ही प्रथा सायकलस्वारांनी पाळली, तीही याच जाणिवेतून.

पगारी रजेचा उन्हाळा

एवढे सारे असूनही कष्टकरी जनतेने या शर्यतीवर प्रेम का केले? त्याची कारणे साधी आहेत. ती पाहायला तिकीट लागत नाही. रस्ता सार्वजनिक आहे. शर्यत स्वतः माणसाच्या दारात येते. आणि सायकल हे कामगाराचे, पोस्टमनचे, शेतावर जाणाऱ्याचे वाहन असल्यामुळे त्या कष्टांची मोजदाद प्रत्येकाच्या पायांना ठाऊक असते.

१९३६ साली फ्रान्समध्ये लिओं ब्लूम यांच्या नेतृत्वाखाली लोक-आघाडीचे सरकार आले. मे-जूनमध्ये लाखो कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून संप केले आणि त्या बळावर जूनमध्ये दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा आणि ४० तासांच्या आठवड्याचा कायदा झाला. जुलैत शर्यत सुरू झाली, तेव्हा आयुष्यात प्रथमच पगारी रजेवर असलेली माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहू शकली. देशाच्या उत्सवात भाग घेण्यासाठी आधी फुरसत लागते आणि ती फुरसत कोणी दानात देत नाही, ती लढून मिळवावी लागते. उन्हाळी सुटीचा सण असे या शर्यतीचे जे रूप पुढे स्थिरावले, त्याच्या मुळाशी आयोजकांच्या कल्पकतेइतकाच त्या संपांचाही वाटा आहे.

अर्थात गर्दी जमली की बाजार येतोच. १९३० साली कारखान्यांच्या संघांऐवजी राष्ट्रीय संघ आणले गेले, त्यांचा खर्च आयोजकांवर पडला, आणि तो भरून काढण्यासाठी शर्यतीच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा निघू लागला. पुढे १९६२ साली व्यापारी संघ परतले. सायकलस्वाराची छाती हीच जाहिरातीची पाटी झाली.

बार्तालीची दंतकथा

या शर्यतीविषयी राजकीय वर्तुळात एक आख्यायिका सांगितली जाते. १४ जुलै १९४८ रोजी रोममध्ये कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोग्लियाती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इटलीभर सार्वत्रिक संप झाला, कारखाने ताब्यात घेतले गेले, यादवीची भीती निर्माण झाली. पंतप्रधान द गास्पेरी यांनी फ्रान्समध्ये असलेल्या जिनो बार्तालीला दूरध्वनी केला आणि दुसऱ्याच दिवशी आल्प्सच्या घाटांत मुसंडी मारून बार्तालीने शर्यत फिरवली. सारा देश आनंदला आणि क्रांती टळली, अशी ही कथा.

बार्तालीचा पराक्रम खरा आहे. त्याचा दुसरा पराक्रम तर याहून मोठा. युद्धकाळात छळल्या जाणाऱ्या ज्यूंना वाचवण्यासाठी तो सायकलीवरून खोटी ओळखपत्रे पोहोचवत होता आणि त्याची त्याने हयातीत कधी फुशारकी मारली नाही. २०१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला. पण सायकलीच्या चाकाने संप मोडला, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. स्वतः तोग्लियाती यांनी संयमाचे आवाहन केले, पक्षाला उठाव नको होता, कामगार संघटनांनी संप मागे घेतला आणि सरकारने पोलिसी बळही वापरले. संप सुरू होण्यामागे निर्णय असतो, थांबण्यामागेही निर्णय असतो. कामगार एका शर्यतीच्या निकालाने आपला राग विसरतात, असे मानणाऱ्या कथेत खेळाचे कौतुक थोडे आणि कामगाराविषयीचा तुच्छभाव अधिक आहे.

औषध आणि ओझे

उत्तेजक द्रव्यांचा प्रश्न हा या खेळावरचा मोठा कलंक मानला जातो. तो केवळ नीतीचा प्रश्न म्हणून पाहणे पुरेसे नाही. फ्रान्समध्ये १९६५ साली अशा द्रव्यांविरुद्ध कायदा झाला. १९६६ साली बोर्दो येथे शर्यतीतील पहिल्या तपासण्या झाल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी सायकलस्वार सायकलींवरून उतरले आणि निषेध करीत पायी चालू लागले. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९६७ रोजी, व्हाँतू पर्वताच्या तळपत्या चढावर ब्रिटिश सायकलस्वार टॉम सिम्पसन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामिन आढळले.

१९६६ चा निषेध योग्य होता काय? अपमानास्पद वागणुकीला विरोध करणे योग्य होते, तपासणीलाच विरोध करणे घातक होते. कामगार कधीकधी स्वतःच्या जिवावर उठलेल्या गोष्टीचेही रक्षण करू लागतो, कारण तिच्यावाचून कामाचा उरक होणार नाही, अशी त्याची खात्री झालेली असते. गिरणीच्या धुरळ्यात तोंडाला फडके न बांधता काम करणाऱ्याला दोष देणे सोपे असते. कामाचा वेग ठरवणाऱ्याला जाब विचारणे अवघड. उत्तेजकांच्या विरोधात कठोर कायदे हवेतच. १९९८ च्या फेस्तिना प्रकरणात एका संघाची संपूर्ण व्यवस्थाच या द्रव्यांवर चाललेली दिसली. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सात विजेतेपदे २०१२ साली काढून घेतली गेली, ती योग्यच. तथापि प्रत्येक वेळी सायकलस्वार बदनाम झाला, पुरस्कर्त्याने हात झटकले आणि जाहिरातींचा ताफा पुढच्या जुलैत पुन्हा निघाला, हेही विसरून चालणार नाही.

एक संप आणि एक ठोसा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १२ जुलै १९७८ रोजी वालान्स-दाजाँ या गावी एक विलक्षण दृश्य दिसले. सायकलस्वारांचा सारा जथा अंतिम रेषेपाशी आला, उतरला आणि सायकली हाती धरून सावकाश चालत रेषेकडे निघाला. सर्वांत पुढे होता २३ वर्षांचा बर्नार इनो, ब्रिटनीतल्या एका रेल्वे कामगाराचा मुलगा. आदल्या संध्याकाळी डोंगरावरचा टप्पा संपवून मुक्कामी पोहोचायला उशीर झाला होता आणि या दिवशी भल्या पहाटे उठून एकाऐवजी दोन अर्धे टप्पे चालवायचे होते. टप्प्याचे असे तुकडे केले की दोन गावांकडून यजमानपदाचे पैसे मिळत. गावे दोन, शुल्के दोन, पाय मात्र तेच. त्या अर्ध्या टप्प्याचा निकाल रद्द करावा लागला. इनोने पुढे ती शर्यत जिंकली.

चार वर्षांनी, जुलै १९८२ मध्ये, उत्तर फ्रान्समध्ये याच शर्यतीच्या वाटेवर ‘रास्ता रोको’ झाला. देनँ येथील युझिनोर पोलाद कारखान्याच्या कामगारांनी नोकरकपातीविरुद्ध रस्ता अडवला आणि संघांची कालबद्ध शर्यत रद्द झाली. त्या वेळी फ्रान्समध्ये मितराँ यांचे समाजवादी सरकार सत्तेवर होते आणि हा उद्योग राज्याच्या मालकीत आलेला होता, हे इथे बसलेल्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. मालकी बदलली म्हणजे कामगाराचा प्रश्न आपोआप सुटतो असे नाही. रद्द झालेली ती शर्यत आयोजकांनी पुढे एका दिवशी दुसऱ्या टप्प्याला जोडून उरकली. म्हणजे एका दिवसात दोन तुकडे, ज्याविरुद्ध १९७८ चा संप होता तेच.

आणि १९८४ साली ‘पॅरिस-नीस’ या दुसऱ्या शर्यतीत ला सिओता येथील जहाजबांधणी कामगारांनी आपली गोदी वाचवण्यासाठी रस्ता अडवला. आघाडीवर असलेला इनो सायकल थेट त्यांच्यात घालून उतरला आणि त्याने एका कामगाराला ठोसा मारला. ते छायाचित्र जगभर छापले गेले.

१९७८ चा संपनेता सहा वर्षांनी संपकऱ्यावर हात उगारतो, याचा अर्थ कसा लावायचा? इनो ढोंगी होता, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या दृष्टीने दोन्ही वेळा तो आपल्या कामाचेच रक्षण करीत होता. पहिल्या वेळी त्याच्या कामावर आयोजकाने अतिक्रमण केले होते, दुसऱ्या वेळी, त्याच्या समजुतीप्रमाणे, गोदीतल्या कामगाराने. आपल्या धंद्यापुरती जागी झालेली एकजूट धंद्याच्या कुंपणाशी येऊन थबकते, ती अशी. कुंपणापलीकडच्या माणसाचे दुःख तिला अडथळा वाटते. बसवाहकाच्या संपावर चिडणारा गिरणी कामगार, शिक्षकांच्या संपावर चिडणारा शेतकरी, हे सारे इनोचेच भाऊबंद आहेत. ठोसा मारणारा हात आणि सायकल हाती धरून चालणारा हात एकाच माणसाचे असू शकतात. पहिल्या हाताला दुसऱ्याची आठवण करून देणे, हेच संघटनेचे काम.

हिशेब अजून मिटलेला नाही

आज या शर्यतीची मालकी एका खासगी उद्योगसमूहाकडे आहे. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणहक्कांच्या उत्पन्नात सायकलस्वारांच्या संघांना ठरलेला वाटा मिळत नाही. त्यांचे जगणे पुरस्कर्त्यांच्या मर्जीवर आहे. पुरस्कर्ता गेला की संघ विसर्जित होतो आणि ‘गडी’ रस्त्यावर येतो, या वेळी सायकलीविना. तरी काही पावले पडली आहेत. सायकलस्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, वरच्या श्रेणीतील संघांत किमान वेतनाचे करार झाले, आणि २०२० पासून महिलांच्या अग्रश्रेणीतील संघांतही किमान वेतन लागू झाले. महिलांची शर्यत १९८४ साली सुरू होऊन काही वर्षांत बंद पडली होती. ती २०२२ साली नव्या रूपात आठ टप्प्यांची झाली. त्या वर्षी महिला विजेतीला ५० हजार युरो आणि पुरुष विजेत्याला ५ लाख युरो मिळाले. टप्पे कमी होते हे खरे, पण दहापटीचे अंतर टप्प्यांच्या संख्येतून निघत नाही.

मित्रहो, या इतिहासातून कार्यकर्त्याने घ्यायचे ते एवढेच. जनतेच्या आनंदाकडे नाक मुरडून पाहू नये. रस्त्याच्या कडेला उभा राहून सायकलस्वाराला पाण्याचा पेला देणारा माणूस भुललेला नसतो, तो कष्टांना कष्टांची ओळख पटवत असतो. मात्र त्या आनंदाचा जमाखर्च कोणाच्या वहीत मांडला जातो, हे विचारण्याचे काम चळवळीने सोडू नये. कबड्डीचा खेळाडू, तमाशाच्या फडातली नर्तकी, सर्कशीतला कसरतपटू, क्रिकेटच्या मैदानावर रोलर ओढणारा माळी, यांच्या कामाचे तास, विमा, म्हातारपण यांविषयी किती संघटनांनी ठराव केले आहेत? मनोरंजन करणाऱ्या माणसाच्या घामाला श्रम म्हणून मान्यता देण्यापासूनच या कामाला सुरुवात करावी लागेल.